भेटायला जायचंय, पण बोलायचं काय?

केळफूल (सोमवार, रात्री ११.४०)

माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला त्याला आज ४७ दिवस झाले. वय ४२. सकाळी दूध आणायला खाली उतरला, सोसायटीच्या गेटपाशी बसला, तो बसलाच. मुलगा चौथीत.

तिसऱ्या दिवशी जाऊन आले. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या. ती आतल्या खोलीत, एका बाजूला नणंद, दुसऱ्या बाजूला आत्या. मी समोर बसले, वीस मिनिटं. तेवढ्यात तीन वेगवेगळ्या बायकांनी तिला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. दूध, गेट, रिक्षा, डॉक्टर. तिसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज स्टेशनवरच्या घोषणेसारखा झाला होता. निघताना मी सवयीने "येते गं" म्हणाले आणि तिच्या आत्याने असं काही बघितलं की जिना उतरेपर्यंत माझे कान गरम होते. (अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं हे मला माहीत आहे. तोंडातून गेलं.)

त्यानंतर गेले नाही. फोनही नाही. रोज रात्री व्हॉट्सॲप उघडते, 'कशी आहेस' लिहिते आणि खोडते. कशी असणार ती? एकदा 'काही लागलं तर सांग' पाठवलं, तिने हात जोडलेलं चित्र पाठवलं. आता जितके दिवस जातायत तितकं जाणं अवघड होत चाललंय. एवढे दिवस कुठे होतीस असं ती विचारणार नाही, पण मला ते ऐकू येणार.

इथे ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांना विचारायचंय. कोणाचं काय उपयोगी पडलं? आणि कोणाचं काय अजून डोक्यातून जात नाही? सल्लेही चालतील, पण घडलेलं सांगितलंत तर जास्त बरं.

तिसरा_मजला

'काही लागलं तर सांग' याने काही होत नाही, हे आधी सांगतो. समोरच्याने आधी काय लागतंय ते शोधायचं, मग कोणाला सांगावं ते ठरवायचं, मग संकोच गिळायचा. एवढं बळ असतं तर ते काम त्याने स्वतःच उरकलं असतं.

आई गेली त्या दिवशी फोनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि 'ॐ शांती'चा पाऊस. कोणी कोणी पाठवलं ते आज सांगता येणार नाही. एक मेसेज मात्र पाठ आहे, खालच्या मजल्यावरच्या काकांचा. "उद्या सात ते साडेसात पाणी आहे. तुमचं पिंप आणि दोन्ही टाक्या भरून ठेवतो. किल्ली कुंडीखाली ठेवा." दहा दिवस त्यांनी पाणी भरलं. येऊन बसले एकदाही नाहीत. अकराव्या दिवशी किल्ली परत कुंडीखाली.

चिंचगूळ

किल्ली कुंडीखाली. +१. वाचतेय.

वऱ्हाडकर

आमच्याकडे मोक्षधामातून लोक परतले की कडू घास असतो. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारचे किंवा भावकीतले पिठलं-भाकर, वरण-भात असं काहीतरी साधं घेऊन येतात आणि घरच्यांना बसवून दोन घास खाऊ घालतात. 'जेवता का' असं कोणी विचारत नाही. विचारलं की माणूस नाहीच म्हणणार. ताट समोर ठेवायचं आणि आपण शेजारी बसायचं. ज्याने कोणी ही रीत पाडली त्याला माणूस कळत होता.

दुसरी गोष्ट. तीन बायकांनी तेच तेच सांगायला लावलं असं तुम्ही लिहिलंय. राग मानू नका, पण मला त्यात वाईट दिसत नाही. बाबा गेले तेव्हा एकेका गावाहून गाडी आली की माय नव्यानं रडायची. मला वाटे, छळून राहिले हे लोक तिला. पुढे वर्षभराने तिनेच सांगितलं, "सांगू सांगू खरं वाटाले लागलं." तोवर तिला ते खरंच वाटत नव्हतं म्हणे.

पंचगंगा_काठ

वऱ्हाडकर, तुमच्या आईंचं त्यांना ठाऊक. पण गोळा होणाऱ्या बायका नुसतं ऐकून घ्यायला येतात असं नसतंय. मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. चांगलं झालं. पण ठराव राबवायला ऐन वेळी दारात कोणीतरी उभं राहावं लागतंय.

माझ्या काकीच्या वेळी दोन म्हाताऱ्या पुढं झाल्या. काकीची धाकटी जाऊ मधे आली नि म्हणाली, "आधी माझा हात धरा." आवाज चढवला नाही. म्हाताऱ्या बसल्या खाली. काकी त्या वेळी भानावर नव्हती, तिला हे नंतर कळलं.

आलेल्या संक्रांतीला तीच जाऊ हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन काकीकडं गेली. काकी आली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं, पुन्हा नाही. तिसऱ्या वर्षी आली, दाराजवळ बसली, वाण घेतलं आणि लगेच निघाली. एका बोलावण्यानं भागत नसतंय. केळफूल, तुमच्या मैत्रिणीचा पहिला सण कोणता येतोय ते आत्ताच बघून ठेवा.

एकटा_जीव

धाग्याच्या विरुद्ध लिहितोय. बायको गेली तेव्हा मला माणसं नको होती. "याला एकटं सोडू नका" असं कोणीतरी म्हणालं आणि दहा दिवस मला कोणी एकटं सोडलं नाही. बाथरूमला गेलो तरी बाहेर एक मेहुणा उभा. फ्रीजमध्ये पाच डबे खिचडी. मला फक्त दार लावून तिच्या कपाटासमोर बसायचं होतं.

तेराव्याच्या आधीच एका नातेवाईक बाईंनी तिच्या साड्यांचं गाठोडं बांधलं. मदत म्हणूनच. "डोळ्यासमोर राहिलं की त्रास होतो" म्हणाल्या. मी काही बोललो नाही, त्या वेळी बोलता येत नव्हतं. सगळ्या गेल्या. एक पिस्ता रंगाची तेवढी इस्त्रीवाल्याकडे राहिली होती म्हणून वाचली.

मदतीला जाल तिथे वस्तूंना हात लावू नका. चष्मा, चप्पल, अर्धी राहिलेली पावडरची डबी, कशालाही नाही. उशीचा अभ्रासुद्धा धुवायला टाकू नका. आधी विचारा.

तिसरा_मजला

हे विरुद्ध कुठे आहे? आमचे काकाही घरात आले नव्हतेच.

साडी आहे ना अजून?

एकटा_जीव

आहे. इस्त्रीवाल्याच्या वर्तमानपत्रातच.

खाडीपलीकडे

आमच्या मोहल्ल्यात मय्यत झालेल्या घरी तीन दिवस शेजारूनच जेवण जातं. घरच्यांनी चूल पेटवायची नाही असं नाही, शेजारी पेटवू देत नाहीत. खरी पंचाईत चौथ्या दिवसापासून सुरू होते. वडील गेल्यावर आई इद्दतमध्ये होती, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरातच काढायचे चार महिने दहा दिवस. मी मुंबईला नोकरीत, भाऊ बोटीवर.

पलीकडच्या वाडीतल्या एक काकू येऊ लागल्या. आमची दोन्ही घरं तशी बोलण्यापुरतीच, फार घरोबा नव्हता. आंबोळ्या, कधी उकडलेले कणगर, कधी नुसतीच सोलकढी. डबा देताना सांगायच्या, "धुवू नको, भरून तर मुळीच देऊ नको. गुरुवारी न्यायला येते." गुरुवारी तो डबा न्यायला यायच्या आणि दुसरा ठेवून जायच्या. सांत्वनाचं वाक्य त्यांनी एकही उच्चारलं असेल असं वाटत नाही, बोलायच्या त्या माकडांनी केलेल्या नासधुशीबद्दल. आई नंतर सांगायची, त्या डब्यामुळे आज कोणता वार ते कळायचं.

निमित्त हातात घेऊन जा, केळफूल. हातात काही असलं की दारात उभं राहणं सोपं होतं.

धाकटा

लिहू की नको करत दोन दिवस गेले.

माझ्या मोठ्या भावाने आत्महत्या केली. त्यामुळे आमच्याकडे भेटायला येणं वेगळं होतं. लोक यायचे, पण बोलायचे जिन्यात. वर आले की गप्प. खाली गेले की 'काय कारण असेल हो'. एका गृहस्थांनी दारातच "चिठ्ठी वगैरे?" असं विचारलं. दहा वर्षं होतील आता, त्यांचा चेहरा आठवत नाही, पण ते 'वगैरे' आठवतं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दहा मिनिटं, अर्धा तास. एरवीही कधी कधी शिवत नाही. पण आमच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत झालं, की इच्छा राहिली असणार. मग एकेक जण पुढे होऊन मोठ्याने कबूल करू लागला. "तुझ्या आईला सांभाळू." "तुझं कर्ज फेडू." कोणीतरी तर "जिच्यामुळे केलंस तिला सोडणार नाही" असंही म्हणालं, जणू कोणी होतीच. आई छत्री धरून उभी होती, तिच्याकडे सगळे आळीपाळीने बघत होते. पाऊण तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ते एकटेच आईजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाऊस आहे, पावसात कावळे येत नाहीत. चला." मी देवाधर्मातला नाही, पण त्या माणसाला मी आजही वाटेत दिसला तर थांबून नमस्कार करतो.

आणि एक त्याचा मित्र. पंधरा दिवसांनी आला. म्हणाला, "मला काय बोलायचं ते समजत नाहीये, काकू. पण दादाचं हेल्मेट माझ्याकडे राहिलंय. आणून देऊ की मीच ठेवू?" आई म्हणाली, "ठेव. पण त्याने ते कुठे कुठे घातलं ते सांग." मग तो दोन तास बसला. माळशेज, भीमाशंकर, एकदा पंक्चर काढायला कसे नऊ किलोमीटर ढकलत गेले. आई हसली. आमच्या घरात दादाचं नाव पुन्हा त्या दिवसापासून घेतलं जाऊ लागलं, तोवर सगळे 'तो' म्हणायचे.

चिंचगूळ

धाकटा, लिहिलंत हे बरं केलंत. यापुढे काही सुचत नाही.

ऐकणारी

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दोन-चार गोष्टी. शिकवायचा सूर लागला तर सांभाळून घ्या.

लोक हल्ली येऊन विचारतात, "मी पाचपैकी कितव्या टप्प्यावर आहे?" दुःखाचे ते प्रसिद्ध पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले, तेही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. जिना असल्यासारखं कोणी पायरी पायरीने दुःख चढत नाही. मैत्रीण सकाळी भाजी घेताना घासाघीस करेल आणि संध्याकाळी कढीपत्ता बघून कोलमडेल. दोन्ही खरं. सकाळचं बघून 'सावरली हो' आणि संध्याकाळचं बघून 'अजून नाही सावरली' असं कृपया कोणी म्हणू नये.

वऱ्हाडकर आणि पंचगंगा_काठ यांच्या वादात माझं मत दोघांच्या मधे आहे. सांगावंसं वाटतं तेव्हा शंभरदा सांगू द्यावं. सांगायला लावू नये. फरक ओळखायचा तर तिने सुरुवात केली की कोणी करवली एवढं बघा.

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, केळफूल, माझं लक्ष तिथेच अडकलं. चौथीतल्या मुलाला 'बाबा देवाघरी गेला', 'बाबा झोपला' असं सांगितलं असेल तर तो झोपायला घाबरू शकतो, किंवा परत कधी येणार विचारू शकतो. 'मेला' हा शब्द आपल्या तोंडून निघत नाही, पण मुलांना तोच लागतो. बाबाचं हृदय बंद पडलं, तो मेला, तो परत येणार नाही, आणि तू दूध मागितलंस म्हणून झालेलं नाही. हे शेवटचं खास सांगावं लागतं. मुलं असल्या गोष्टी स्वतःकडे ओढून घेतात आणि कोणालाही सांगत नाहीत.

किती दिवस चालणार, याला उत्तर नाही. मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात २०२२ मध्ये दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची नोंद झाली. तिथेसुद्धा मोठ्या माणसासाठी किमान बारा महिने आणि मुलासाठी सहा महिने उलटल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. मग तेराव्याला 'आता पुरे' म्हणणारे आपण कोण? पण अन्नच जात नाही, रात्र रात्र झोप नाही, 'मलाही जायचंय त्याच्याकडे' असं निघतंय, तर वर्षभर थांबायचं नाही. तेव्हा सरळ विचारायचं, "मरायचे विचार येतात का?" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ वर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

तात्पुरती

या धाग्यासाठी नवीन आयडी काढलाय.

माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याला दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला येणंही नाही. ज्या गोष्टीला विधी नसतो तिथे लोकांना काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते काहीच करत नाहीत. जे बोलले ते सगळे 'अजून वय आहे' म्हणाले. मला ताप आला होता, दूध आलं होतं, आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. ऑफिसातल्या माणसाने फोन करून विचारलं की आता रजा 'तेवढी' लागणार नाही ना. (कायद्याने लागते. मातृत्व लाभाच्या कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. अकाली गर्भपातालासुद्धा सहा आठवडे आहेत. कोणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.)

घरकामाला येणाऱ्या मावशी पाचव्या दिवशी आल्या. फरशी पुसता पुसता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाव काय ठरवलं होतं?"

मी सांगितलं. त्या थांबल्या, एकदा उच्चारून बघितलं आणि पुढची खोली पुसायला गेल्या. माझ्याशिवाय ते नाव मोठ्याने घेतलेली ती एकमेव व्यक्ती. नवऱ्यालाही जमलेलं नाही अजून.

हिवाळी

परदेशात असणाऱ्यांसाठी थोडंसं. वडिलांचं सगळं मी फोनवर पाहिलं. चुलतभावाने मोबाइल धरला होता, मधेच त्याला कोणी हाक मारली आणि मला पाच मिनिटं नुसतं आभाळ दिसत होतं. मग कॉल तुटला आणि मी श्टुटगार्टमधल्या स्वयंपाकघरात उभा. दुपारचे दोन. इथलं एक मराठी कुटुंब, तशी ओळख गणपतीपुरती, संध्याकाळी गादी घेऊन आलं. "आज इथेच झोपतो" म्हणाले. विचारलं नाही. एकटा_जीव, तुमचं वाचून विचार केला, मी दार उघडलं नसतं तर ते परत गेले असते. मी उघडलं.

बे_एके_बे

भावनेचं तुम्ही सगळे माझ्याहून चांगलं लिहिताय. मी तीस वर्षं बँकेच्या काउंटरला काढली, कागदांचं सांगतो. ४७ दिवस म्हणजे भेटायला येणारे थांबले आणि कागद सुरू झाले, अशी वेळ.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती झाली असेल. दाखल्याच्या प्रती भरपूर काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर मागतात. त्याचं पासबुक घ्या आणि मे-जूनच्या पानांवर ४३६ रुपयांची वजावट दिसते का बघा. दिसली तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा, दोन लाखांचा. पुष्कळांनी कधीतरी सही केलेली असते, घरी कोणाला माहीत नसतं, आणि दावा न करता तसंच राहतं. २० रुपयांची दिसली तर तो अपघाताचा, इथे लागू नाही. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर पीएफशिवाय ईडीएलआयचा (पीएफलाच जोडलेला) विमा असतो, जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत, त्याचा हप्ता मालक भरतो म्हणून पगारपत्रकावर दिसतही नाही. शिवाय पत्नीला पेन्शन आणि दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत. या तिन्हींसाठी एकत्र अर्ज आहे.

त्याचं सिमकार्ड बंद करू नका इतक्यात. सगळे ओटीपी त्यावरच येतात. आणि त्याचं एटीएम वापरून पैसे काढू नका, पिन माहीत असला तरी. पुढे वारसांत प्रश्न येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही कानावर असू द्या.

काउंटरच्या आत बसून एक बघितलं. बाई एकटी आली की तिला 'उद्या या' म्हणतात. बरोबर कोणी फाईल धरून उभं असलं की त्याच दिवशी काम होतं. वाईट आहे, पण असंच आहे. फाईल धरायला जा.

केळफूल (दहा दिवसांनी)

मंगळवारी गेले. खाडीपलीकडे यांचं ऐकून हातात निमित्त घेतलं. दुसरं काही सुचेना म्हणून अर्धा लिटर दूध.

दार तिनेच उघडलं. पिशवीकडे बघितलं आणि बघतच राहिली. माझ्या तेव्हा लक्षात आलं मी काय घेऊन आलेय. मला तिथेच जिन्यात गायब व्हावंसं वाटलं. ती म्हणाली, "ये. दूध नाहीच घरात. दीड महिना कोरा चहा पितोय आम्ही." मग कळलं, सगळं काही लोक आणून देत होते, भाजी, किराणा, औषधं. दूध कोणी आणलं नव्हतं, आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

मी "सॉरी, आले नाही इतके दिवस" म्हणाले. तिने "हं" केलं. त्याहून जास्त काही झालं नाही त्या विषयावर.

डायनिंग टेबलावर त्याचा फोन चार्जिंगला लावलेला होता. गॅस सिलेंडर दारात आला की कोड त्याच्या नंबरवर येतो. वीज बिल, मुलाच्या शाळेचे मेसेज, सगळं त्यावर. मी तिथे असताना तो वाजला, कुठल्याशा क्रेडिट कार्डाची बाई. मैत्रिणीने शांतपणे उचलला, "ते मेलेत" म्हणाली आणि ठेवला. मग मला म्हणाली, "आठवड्यातून तीनदा सांगते हे. पहिल्यांदा सांगताना ओरडले होते." ऐकणारी, तुमचा शब्द ती माझ्याआधीच शिकली होती.

बे_एके_बे काका, पासबुक बघितलं. ४३६ आहे. तीन वर्षं सलग कापलेत. तिला त्याचा पत्ता नव्हता. नंतर आम्ही दोघी बँकेत गेलो, फाईल माझ्याकडे. 'उद्या या' म्हणाले नाहीत. तिथून पीएफच्या कामासाठी त्याच्या ऑफिसात गेलो, ते जरा लांबतंय, त्यावर वेगळं विचारेन.

बे_एके_बे

दाव्याच्या अर्जाची पोच घेतलीत ना? शिक्क्यासह?

केळफूल

घेतली काका. शिक्का, तारीख, सही. फोटोही काढून ठेवला.

ऐकणारी

आणि मुलगा?

केळफूल (पुढच्या सोमवारी)

मुलाचं सांगते. तुम्ही लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं होतं. तिने त्याला सगळं सांगितलं, दुधाचंसुद्धा. तो म्हणाला, "मी कुठे मागितलं होतं, मी तर झोपलो होतो." आणि गृहपाठाला बसला. ती म्हणाली, मी दीड महिना उगाच घाबरले होते. मला तसं वाटत नाही, पण बोलले नाही.

मग काल, रविवारी, मी सकाळीच गेले होते. तो चप्पल घालून उभा. म्हणाला, "दूध मी आणतो." मला वाटलं ती नको म्हणणार. तिने पैसे दिले. आम्ही दोघी बाल्कनीत. तो गेटपर्यंत गेला, वॉचमनशी काहीतरी बोलला, दिसेनासा झाला. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की अंगठीचा वळ उठला. सात-आठ मिनिटं असतील. परत दिसला, पिशवी गोल गोल फिरवत.

तिसऱ्या मजल्यावर फुटली पिशवी. जिनाभर दूध. ती फडकं घेऊन धावली आणि पायरी पुसता पुसता त्याला अशी काही झापायला लागली, बापावर गेलाय म्हणे, त्यालाही एक वस्तू सरळ आणता यायची नाही, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने डझनभर अंडी कशी आपटली होती, कुठल्या जिन्यात. मुलगा पायरीवर बसून ऐकत होता. "मग? मग काय झालं?"

मी दुसरी पिशवी आणायला खाली उतरले.